मंजुळाबाईंची सरकती खोली

गेवराईत एका आरोग्य संस्थेच्या आवारात उभी असते ती पांढरी गाडी मुळात दवाखान्याची नव्हे. पुण्याच्या एका कुटुंबाने ती सहलींसाठी बांधून घेतली होती. आत झोपायची जागा, छोटी शेगडी, आणि डाव्या अंगाला एक खोली. बटण दाबलं की कपाटाचा खण ओढावा तशी ती खोली चार फूट बाहेर सरकते. पुढे त्या कुटुंबाने गाडी संस्थेला देऊन टाकली. खोलीतला सोफा निघाला, त्या जागी बायकांच्या तपासणीचं टेबल आलं, आणि गाडी ऊसतोड करणाऱ्यांच्या गावांतून फिरता दवाखाना म्हणून हिंडू लागली.

मंजुळाबाई या गाडीवर मदतनीस आहेत. वय बावन्न, राहणार उमापूर. गाडीवर त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यांनी एकोणीस हंगाम ऊस तोडला. सत्ताविसाव्या वर्षी त्यांची पिशवी काढली, म्हणजे गर्भाशय. अंगावरून पांढरं जात होतं, ओटीपोटात दुखत होतं, म्हणून शहरातल्या एका डॉक्टरकडे गेल्या होत्या. डॉक्टरने टेबलाच्या पलीकडूनच विचारलं, पोटावर एकदा हात ठेवला आणि कागद लिहिला. दहा मिनिटंही लागली नाहीत. ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात त्या पुन्हा फडात होत्या. तेव्हापासून कंबर धरून उठतात. हे त्या कुणाला आपणहून सांगत नाहीत.

सरकत्या खोलीचा उपयोग काय, हे त्यांच्याइतकं कुणाला कळत नाही. खोली आत असली की गाडीत औषधांचं कपाट, बाकडं आणि मधे हातभर वाट, एवढंच उरतं. टेबल उघडतच नाही. खोली बाहेर आली की दार लागतं, पडदा ओढता येतो. गावातली बाई शाळेच्या खोलीत तपासून घ्यायला गेली तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. गाडीत चढली तर ती बीपी बघायला गेली, एवढंच लोकांना दिसतं. म्हणून पप्पू ड्रायव्हर नंबराच्या चिठ्ठ्या वाटताना सगळ्या बायकांना एकच विचारतो, “बीपी ना?” आणि सगळ्या मान डोलावतात.

सप्टेंबरच्या शेवटी पाऊस थांबायचं नावच घेईना. तलवाड्याला दिवसभर तपासणी झाली, सरीवर सरी येऊन गेल्या, आणि संध्याकाळी पप्पूने खोली आत घेतली. खोलीच्या छतावर साचलेलं सगळं पाणी तिच्याबरोबर आत आलं आणि धबाबा टेबलावर पडलं. गादी भिजली, दिव्याची वायर भिजली.

दुसऱ्या दिवशी अमरसिंह गाडी बघायला आला. तो संस्थेचा तालुक्याचा समन्वयक, गेवराईच्याच एका बागायतदार घरातला. माणूस वाईट नाही, पण त्याला वर उत्तरं द्यावी लागतात.

“मावशी, हे खेळणं आपल्याला झेपायचं न्हाई,” तो म्हणाला. “करंट उतरला अन् एखादी बाई गेली तर? अजून एकदा पाणी आलं की मी ही खोली आत घेऊन वेल्डिंग मारून टाकणार. गोळ्याऔषधं वाटायला गाडी तशीबी पुरती.”

“अन् तपासणी?”

“तपासणीला तालुक्याचा दवाखाना हाय की.”

मंजुळाबाई गादीतलं पाणी दाबून काढू लागल्या. तालुक्याच्या दवाखान्यात सून एकटी जाऊ शकत नाही आणि सासू घेऊन जात नाही, हे अमरसिंहला सांगून काय होणार होतं?

त्याच आठवड्यात सुनिता त्यांच्या घरी आली. सुनिता त्यांच्याच गल्लीतल्या छबुबाईची सून, वय एकोणतीस, दोन पोरं. ती निवडायला म्हणून तांदळाचं सूप घेऊन आली आणि तांदळाला हात न लावता बसून राहिली.

“मावशी, माझी तारीख ठरली. सोमवारी.”

“कशाची तारीख?”

“पिशवीची. शनिवारी टोळी निघणार कर्नाटकात. त्याच्या आधी करून टाका म्हणले डॉक्टर. आत्याबाई बी म्हणल्या, फडात मधीच आजारी पडली तर जोडीचा कोयता बंद पडतो.”

“सोमवारी ऑपरेशन अन् शनिवारी फडात? बसून जाशील का निजून?”

“आत्याबाई म्हणल्या, पयले पंधरा दिस नुस्त्या मोळ्या बांध.”

“तुला तपासलं का त्या डॉक्टरनं? आतून?”

सुनिताने नाही म्हणून मान हलवली. “सोनोग्राफी केली. सूज हाय म्हणले. पुढं कॅन्सर हुईल म्हणले.”

मंजुळाबाईंनी सूप ओढून घेतलं आणि खडे वेचू लागल्या. मग म्हणाल्या, “गुरवारी गाडी उमापूरला हाय. वैष्णवी मॅडम येणार. ऑपरेशनच्या आधी बीपी बघावं लागतं असं सांग घरी. मॅडमनी काढ म्हणलं तर काढ. पण बघू दे आधी.”

“खोली असंल ना? मला उघड्यावर न्हाई जमायचं.”

“खोली असंल,” मंजुळाबाई म्हणाल्या.

सोमवारच्या आत डॉक्टर मॅडमची उमापूरला एकच फेरी होती, ती गुरुवारची. पाऊस काही उघडत नव्हता. खोलीत पाणी येऊ द्यायचं नाही, ही आता मंजुळाबाईंची जबाबदारी झाली.

पाणी अडवायचं त्यांना माहीत होतं. एकोणीस हंगाम त्या कोपीत राहिल्या होत्या. कोप म्हणजे ऊसतोड्यांची फडाजवळची झोपडी: बांबूच्या कांब्या वाकवायच्या, वर पाचट आणि काळी ताडपत्री टाकायची. अवकाळी पाऊस आला की कोपीत पाणी वरून फारसं येत नाही, ते खालून येतं. जमिनीवरून वाहत येतं आणि अंथरुणाखाली शिरतं. म्हणून बायका सगळ्यात आधी कोपीच्या बुडाला चारी बाजूंनी माती लिंपतात, चिंध्या ठासतात. ताडपत्री ताणून बांधतात, म्हणजे वाऱ्याने फडफडत नाही. मंजुळाबाईंची कोप टोळीत सगळ्यांत कोरडी असायची. बाळंतिणीला त्यांच्या कोपीत आणून निजवत.

बुधवारी त्यांनी गाडीचं तसंच केलं. खोली बाहेर काढायला लावली, छतावर ताडपत्री घातली आणि ढोलकीसारखी ताणून बांधली. मग खाली वाकून बघितलं. खोलीच्या बुडाला एक पोकळ लोखंडी पट्टी होती आणि पट्टीला बोटाएवढी चार भोकं.

“पप्पू, हे बघ. इथून घुसतंय पाणी. भोकंच सोडलीत शहाण्यांनी.”

“कंपनीनं ठेवली असतील की कशाला तरी, मावशी.”

“कंपनीवाले राहिलेत का कवा पावसात?”

त्यांनी काळी माती मळली, तिच्यात चिंध्या घातल्या आणि चारही भोकं बुजवली. पट्टीच्या फटीतही माती दाबली. वरून हात फिरवून गुळगुळीत केलं. पप्पू म्हणाला, “मावशी, आता सारवून रांगोळी काढा.” त्या हसल्या. आठवड्यात पहिल्यांदाच हसल्या असतील.

उमापूरला जाताना बुजवलेलं टिकावं म्हणून पप्पूने गाडी हळू चालवली. पोचल्यावर खोली बाहेर काढून मंजुळाबाईंनी निघालेली माती पुन्हा लिंपली, ताडपत्री पुन्हा ताणली. गाडी मारुतीच्या पारासमोर उभी होती. पार उंचावर, त्याच्यामुळे गाडीची डावी चाकं उंचवट्यावर गेली होती. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

अकरा वाजता पाऊस सुरू झाला. सुनिताचा नंबर सातवा होता. छबुबाई तिच्याशेजारी बाकड्यावर पदर घेऊन बसली होती आणि आल्यागेल्याला सांगत होती, “सुनंचं बीपी बघायचं हाय. सोमवारी नेणार हावोत आमी.”

पाच बायका झाल्या. सहावी आत गेली आणि वरून थप्प असा आवाज आला. मंजुळाबाईंनी बाहेर जाऊन पाहिलं. ताणलेली ताडपत्री पाण्याच्या वजनाने खाली बसली होती आणि सपाट छतावर डबकं साचलं होतं. गाडीच डावीकडून उंच, त्यामुळे डबक्याचं पाणी बाहेर न सांडता गाडीकडेच, खोली आणि गाडीच्या सांध्याकडे सरकत होतं. तिथली रबराची पट्टी उन्हाने तडकलेली. तिथून धार लागली. आत आलेलं पाणी जमिनीवरून बुडाच्या पट्टीत उतरलं आणि तिथेच अडलं, कारण बाहेर जायला भोकं उरली नव्हती. बघता बघता टेबलाच्या पायांना पाणी लागलं. दिवा दोनदा मिणमिणला.

“पप्पू, मेन बंद कर!” वैष्णवी मॅडम आतून ओरडल्या. त्या तरुण डॉक्टर, आठवड्यातून एकदा बीडहून येतात, आवाज सहसा चढवत नाहीत. सहावी बाई लुगडं सावरत बाहेर आली. मॅडमच्या चपला पाण्यात होत्या.

“मावशी, आज नाही जमणार. सॉरी. सगळ्यांना सांगा.”

सुनिता उभी राहिली होती. तिने मंजुळाबाईंकडे बघितलं, मग खोलीच्या दाराकडे. मॅडमनी तिचं बीपी खरंच बघितलं, बाकड्यावरच, दहा माणसांसमोर. ते बरोबर होतं.

“झालं?” छबुबाई म्हणाली. “चल मग. निवांत झालं.”

त्या दोघी एकाच पोत्याची खोळ डोक्यावर धरून गेल्या.

संध्याकाळी अमरसिंहने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ठीक हाय. सोमवारी वेल्डर पाठवतो.”

शुक्रवारी सकाळी मंजुळाबाई गेवराईला आल्या तेव्हा पप्पूने खोली उघडी टाकून वाळत ठेवली होती. त्या थेट बुडाच्या पट्टीकडे गेल्या. काडीने माती उकरली. पहिलं भोक मोकळं झालं आणि आतून गढूळ पाण्याची धार निघाली. कालचं पाणी रात्रभर आतच होतं. दुसरं भोक उकरलं, तिथूनही धार.

“मावशी, तुमी तर टाकी बांधली होती,” पप्पू म्हणाला.

या वेळी त्या हसल्या नाहीत. धार थांबेपर्यंत त्या तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. भोकं पाणी आत यायला नव्हती, बाहेर जायला होती. जमिनीवर बसलेली कोप आणि जमिनीपासून तीन फूट वर टांगलेली खोली, या दोघींना पाणी दोन वेगळ्या वाटांनी गाठतं. इतकी साधी गोष्ट, आणि त्यांनी वाकून बघूनही बघितली नव्हती.

“काल छतावर पाणी बसलं कावून?” त्यांनी विचारलं.

“सपाट हाय म्हणून. बसणारच.”

“कोपीवर न्हाई बसत.”

“कोप वाकडी असती की, मावशी.”

“तेच. कोपीला पाठ असती. ह्या खोलीला पाठच न्हाई.” त्या उठल्या, कंबर धरून. “बांबू कुठं मिळंल?”

दुपारपर्यंत त्यांनी बांबूच्या पाच कांब्या तासल्या. खोलीच्या छतावर त्या कमानीसारख्या वाकवून दोन्ही टोकं दोरीने बांधली. त्यावर ताडपत्री टाकली, पण ताणली नाही. एक कड गाडीच्या टपावर चढवून दाबली, दुसरी खोलीच्या बाहेर वीतभर लोंबती सोडली, म्हणजे पाणी भिंतीला न चिकटता दूर पडेल. मग पप्पूने फळ्या आणून गाडीच्या उजव्या चाकांखाली घातल्या. गाडी डावीकडे किंचित कलली, आत चालताना कळणार नाही इतकीच. तडकलेली रबराची पट्टी नवी मागवायला दोन आठवडे लागणार होते. तिच्यातली धूळ त्यांनी ओल्या फडक्याने पुसली आणि ती चिकटू नये म्हणून वरून टाल्कम पावडर चोळली.

मग बादल्या. पप्पू शिडीवर चढून ओतायचा, मंजुळाबाई आत टेबलावर बसून वर बघायच्या. दहा बादल्यांत काही नाही. अकराव्या बादलीला मागच्या कोपऱ्यात एक थेंब फुगला, लोंबला आणि पडला. रबराचा तुकडाच तिथे निघालेला होता.

“पडलं का?” पप्पूने वरून विचारलं.

“एका कोपऱ्याला पडतंय.”

“मग सांगू नका कुणाला.”

“न्हाई रे. सांगावं लागंल.”

अमरसिंहच्या टेबलासमोर त्या उभ्या राहिल्या, बस म्हटलं तरी बसल्या नाहीत. “दादा, खोलीचा दोष न्हाई. भोकं मी बुजवली. ताडपत्री मी ताणली. आता नीट केलंय, पण एक कोपरा अजून गळतोय. त्या कोपऱ्याची वायर पप्पूनं काढून टाकली. मॅडम रविवारी उमापूरला येते म्हणल्यात, मी फोन केला. एवढा रविवार जाऊ द्या.”

“तुमी करून बसलात अन् मला सांगता?”

“आधी सांगितलं असतं तर तुमी न्हाई म्हणला असता.”

अमरसिंहने पेन टेबलावर आपटलं. “कोण हाय उमापूरला इतकं?”

“एक बाई हाय.”

“तुमच्या नात्यातली?”

“न्हाई. सोमवारी तिची पिशवी काढणारेत.”

त्याने खिडकीतून गाडीकडे बघितलं. गाडीच्या अंगाला काळं कुबड आल्यासारखं दिसत होतं. “एवढा रविवार,” तो म्हणाला. “अन् दिवा बॅटरीचा लावा. लाईट आत न्यायची न्हाई.”

रविवारी छबुबाईला गाडीकडे आणणं सोपं नव्हतं. “बीपी झालं की गुरवारी!” ती दारातूनच म्हणाली.

“तीन दिसांचं जुनं चालत न्हाई. आदल्या दिवशीचं लागतं,” मंजुळाबाई म्हणाल्या. खोटं बोलताना त्यांनी नजर चुकवली नाही. छबुबाई पदर घेऊन निघाली.

गाडी या वेळी पारासमोर नाही, कांब्या-ताडपत्री पुन्हा चढवून शाळेच्या मोकळ्या मैदानात उतरत्या अंगाला डावी बाजू करून उभी होती. सुनिता आत गेली तेव्हा पाऊस नव्हता. दार लागलं आणि दोन मिनिटांत आला, वाऱ्यासकट. मंजुळाबाई बाहेर धावल्या. वारा ताडपत्रीची लोंबती कड उचलत होता. त्यांनी मागच्या कोपऱ्यावर ती दोन्ही हातांनी खाली ओढून धरली. पाणी कांब्यांच्या कमानीवरून घरंगळत येत होतं आणि त्यांच्या कोपरांवरून जमिनीवर पडत होतं. भिंतीपलीकडून मॅडमचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मधेच सुनिताचा हुंदका आला, की कण्हणं, ते त्यांना नीट समजलं नाही. खालच्या भोकांतून पाणी येतंय का, ते त्या मान वाकवून बघत होत्या. चौथ्या भोकातून बारीक धार होती. म्हणजे आत गळत होतं, पण साचत नव्हतं.

पंधरा मिनिटं त्या तशाच उभ्या होत्या. मग दार उघडलं.

“पिशवी चांगली आहे,” मॅडम म्हणाल्या. त्यांनी छबुबाईला जवळ बोलावलं होतं. “पिशवीच्या तोंडाला सूज आहे, जंतू झालेत. चौदा दिवस गोळ्या. नवऱ्यालाही घ्याव्या लागतील, नाहीतर पुन्हा होईल. एक नमुना तपासायला पाठवते. पण काढायचं कारण मला दिसत नाही. कागदावर लिहून देते.”

छबुबाईने कागदाकडे बघितलं नाही. तिने मंजुळाबाईंकडे बघितलं. त्यांच्या अंगावरून पाणी निथळत होतं.

“तूच लावलं का हे? बीपीचं सोंग करून?”

“मीच.”

“आमची काढली. तुझी काढली, माझी काढली, अर्ध्या गावाची काढली. आमी मेलो का?”

“न्हाई मेलो,” मंजुळाबाई म्हणाल्या. “सकाळी उठताना कशाला धरून उठती तू?”

पप्पू उगाच आरशावरचं पाणी पुसू लागला.

“खाटेला,” छबुबाई शेवटी म्हणाली.

“किती वर्षं झाली?”

छबुबाईने सुनिताच्या हातातून कागद आणि औषधाची पिशवी घेतली, दोन्ही पोटाशी धरलं आणि चालू लागली. सुनिता मागे निघाली. वळून बघावं की नाही हे न कळल्यासारखी अर्धी वळली आणि गेली.

सोमवारी शहराकडे जाणारी जीप नऊ वाजता उमापुरातून निघते. मंजुळाबाईंनी कामावर उशिरा येते म्हणून कळवलं आणि घरातच थांबल्या. जीपचा हॉर्न वाजला, लांब गेला. ओट्यावर जाऊन बघायची त्यांची हिंमत झाली नाही. चुलीवरचा चहा उतू गेला.

साडेनऊला छबुबाई दारात आली. आत आली नाही. पदराच्या टोकाला गोळ्यांची पाकिटं बांधलेली होती.

“ह्या जेवायच्या आधी घ्यायच्या का नंतर? अन् ह्यात माझ्या पोराच्या कंच्या, तिच्या कंच्या? दोन्ही सारख्याच दिसत्यात.”

मंजुळाबाईंनी पाकिटं हातात घेतली. त्या उंबऱ्यावर बसल्या. “जेवल्यावर. दोघांच्या सारख्याच हायत. सकाळी एक, संध्याकाळी एक.”

“तो न्हाई म्हणतोय घ्यायला. मला काय झालंय म्हणतोय.”

“मॅडमशी फोन लावून देते. बोलू दे त्याला.”

“बघते.” छबुबाईने पाकिटं पुन्हा पदराला बांधली. “शनिवारी निघणार टोळी. निम्म्या गोळ्या फडावरच घ्याव्या लागतील. तिकडं तुमची गाडी येत न्हाई ना?”

“जिल्ह्याबाहेर न्हाई येत. अन् आता खोली राहती का न्हाई, ते बी दादा आज ठरवणारेत.”

आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

“कोपीत कुठं ठेवणार गोळ्या?” मंजुळाबाईंनी विचारलं.

“पत्र्याच्या पेटीत. कपड्याखाली.”

“खाली नको. सगळ्यात वर ठेव, दोन पिशव्यांत बांधून. कोपीत पाणी खालून येतं.”